हिराजीकाकांची जीभ

हिराजीकाका माती खातात.

पोटभर नव्हे, चिमूटभर. कुणाच्याही अंगणात पाय ठेवला की चपला काढायच्या आधी ते वाकतात, बोटाच्या पेराएवढी माती उचलून जिभेच्या टोकावर ठेवतात, डोळे मिटतात, बाजूला थुंकतात आणि निकाल देतात, "आंबट हाय." मग घरात जाऊन निवांत चहा पितात. बाकीचे लोक चूक करून माती खातात, काका चूक होऊ नये म्हणून खातात.

पुतणीची सोयरीक जुळवायला शहापूरकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. बैठक रंगात आली होती. मुलाच्या वडिलांनी मुलाच्या नोकरीची माहिती द्यायला सुरुवात केली आणि बघतात तर मुलीचे थोरले काका जागेवर नाहीत. ते परसात उकिडवे बसले होते. तोंड पुसत आत आले आणि म्हणाले, "चिंचेवानी आंबट हाय. वाल झ्याक होतील. देऊ पोर." मुलाची नोकरी कसली, हे मुलीकडच्यांना साखरपुड्यात कळलं. पुतणीचा संसार छान चालला आहे आणि त्याचं सगळं श्रेय काका त्या परसाला देतात.

मी दापोड्यात काकांच्या चाळीत आठ वर्षं भाड्याने राहतो. भिवंडीतल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे बाटल्या धुतो, रसायनं मांडतो आणि पोरांनी फोडलेल्या नळ्यांची नोंद ठेवतो. गावात मात्र 'आंबटपणा मोजणारा माणूस' अशी माझी ख्याती झाली, ती काकांमुळे. कुणीतरी त्यांना सांगितलं की याच्याकडे आंबट-तुरट ओळखणारा कागद आहे. झालं! त्याच संध्याकाळी काका दारात उभे. हातात मातीचा डबा.

"मास्तर, तुजा कागूद काय बोलतो त्ये बगू."

मी मास्तर नाही, हे मी त्यांना आठ वर्षं सांगतो आहे. माती पाण्यात कालवली, निवळू दिली, कागद बुडवला. रंग जुळवून मी जरा रुबाबात म्हणालो, "पाच."

"पाच म्हंजे?"

"म्हणजे बऱ्यापैकी आंबट."

"त्ये मी सकालीच बोललो," काका म्हणाले, "फुकट."

त्यांचं मोजमाप वेगळं. थोडी आंबट माती म्हणजे ताक, त्याहून आंबट म्हणजे चिंच, आणि अगदीच वाईट म्हणजे कच्चं करवंद. पुढे दोन वर्षं आमचा हाच खेळ चालला. ते चाखायचे, मी कागद बुडवायचो. चिंच म्हणाले की पाच, ताक म्हणाले की सहा. एकदाच कागद आणि जीभ यांचं वाजलं. काका म्हणाले करवंद, कागद म्हणाला सात, म्हणजे आंबट मुळीच नाही. मी शास्त्राची बाजू घेऊन तावातावाने भांडलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून नवी डबी आणली, तेव्हा कळलं की माझे कागद पावसाळ्यात दमट होऊन कामातून गेले होते. काकांनी मला काही ऐकवलं नाही. फक्त चाळीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

हा सगळा खटाटोप कडव्या वालासाठी. दापोड्यातली भातशेती कधीच गोडाउनांखाली गेली, काकांचीही गेली. त्याबद्दल ते गळे काढत नाहीत. "भात जवा होता तवा कंबर पन जात होती," एवढंच म्हणतात. पण आपल्या दुसऱ्या गोडाउनच्या मागे चार गुंठे त्यांनी मोकळे ठेवले होते. तिथे पावसाळ्यात भात आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल. पाणी नाही, खत नाही, थंडीतल्या दवावर पीक उभं. फाल्गुनात शेंगा वाळल्या की काका वर्षभराचे वाल राख लावून कोठीत भरत, आणि बिरडं करून ट्रकवाल्यांना आग्रहाने वाढत. गोडाउनचा वॉचमन उत्तरेकडचा. त्याने एकदा विचारलं, "काका, इस खट्टी मिट्टी में और कुछ क्यों नहीं लगाते?"

"और कुछ रोता है इदर," काका म्हणाले. "ये वाल नहीं रोता. इसको सवय है."

ते खरंच होतं. काकांच्या मुलाने, महेशने, एकदा दुकानातून चकचकीत पाकिटातलं सुधारित बियाणं आणलं. काकांनी ते मुद्दाम अर्ध्या वाफ्यात पेरलं. महिनाभरात पानं पिवळी, झाडं वीतभर. शेजारी जुना वाल गुडघ्याच्या वर, हिरवागार. दुकानदार म्हणाला, जमिनीत चुना टाका. काका म्हणाले, "चुना पानाला लावायचा. पाव्हन्याला आमचं जेवान पचत न्हाय म्हनून मी घर बदलू काय?"

मी मग जरा वाचून काढलं आणि शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, काका, आंबट मातीत अॅल्युमिनियम सुटं होतं आणि मुळांची टोकं जाळतं. पण घेवड्या-वालाच्या कुळातले काही जुने वाण मुळांतून लिंबातलं असतं तसलं आम्ल सोडतात. ते त्या अॅल्युमिनियमला धरून ठेवतं आणि मूळ वाचतं. तुमच्या वालाचंही तसंच असेल.

काकांनी हातातला वाल सोलता सोलता विचार केला. "म्हंजे आंबट मानसाशी आंबट बोलायचा. त्यानं तो गप बसतो."

माझ्या तीन पानी टिपणांचा सारांश याहून बरा झाला नसता.

आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीनंतर महेशने सांगितलं की त्या चार गुंठ्यांवर काँक्रीट टाकायचं. मोठे कंटेनर वळत नाहीत, रोज कुणाचीतरी भिंत घासते. महेश वाईट मुलगा नाही. त्याने बापाला आधी विचारलं आणि काकांनी "टाक" म्हणून सांगितलं. मला वाटलं होतं, घरात रामायण होईल. काही झालं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे काका बियाण्याची पिशवी घेऊन माझ्या दारात.

"मास्तर, स्कूटर काढ. वालाला जागा बगाया जाऊ."

वालाचं बी एका हंगामापुरतं उरलं होतं. मागच्या कोठीला भुंगा लागला होता. या थंडीत पेरलं नाही तर संपलं. आणि हे बी बाजारात मिळत नाही. काकूंनी लग्नात माहेराहून, दिघाशीहून आणलेलं. काकू जाऊन तीन वर्षं झाली.

सबंध रविवार आम्ही हिंडलो. शहाणी माणसं चांगली जमीन शोधतात, आम्ही वाईट शोधत होतो. लोक हौसेने आपली जमीन दाखवायचे, काका चाखायचे आणि तोंड वाकडं करायचे, "गोड हाय." मालकाला आधी बरं वाटायचं, मग कळायचं की नकार आहे. अकलोलीत काकांच्या एका ओळखीच्याने तर तुकडा फुकट देऊ केला. भात नुकताच कापलेला, ओल छान. काकांनी जीभ लावली.

"गोड."

मी सवयीने कागद बुडवला होता. पाच. स्वच्छ पाच. नवी डबी, कोरडे कागद. काका ज्याला चिंच म्हणतात ती ही माती.

मी कागद खिशात टाकला. मला वाटलं, म्हातारपण जिभेत शिरलं. या माणसाची जीभ गेली तर याच्याजवळ राहिलं काय? पुढच्या गावीही तेच झालं. कागद पाच म्हणाला, काका गोड.

उन्हं उतरताना ते म्हणाले, "जाता जाता दिघाशीला जाऊ. मेव्हना हाय."

मेव्हणे, धर्माजी, काकांहून दहा वर्षांनी मोठे, दिसायचं कमी झालेलं. ओटीवर बसले होते. स्कूटरचा आवाज ऐकून त्यांनी डोळ्यांवर हात धरला, नीट पाहिलं आणि घरात हाक मारली, "अगं, बारकीचा दादला आयला! च्या टाक!"

काका दारातच थांबले. चपला काढायचं विसरले.

काकूंचं नाव मला घरच्या लग्नपत्रिकांवरचं माहीत होतं, लक्ष्मीबाई. ते सासरी ठेवलेलं. दापोड्यात त्या कुणाच्या काकू, कुणाच्या वहिनी, महेशची आई. बारकी हे त्यांचं माहेरचं नाव मी आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. धर्माजी तर थांबेनातच. बारकी लहानपणी वालाच्या शेंगा चोरून कच्च्याच खायची, बारकी पोहायला खाडीत उतरली आणि मार खाल्ला, बारकी असं, बारकी तसं. काका कपातला चहा तसाच धरून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "मंग? मंग काय केलान तिनं?" ही गोष्ट त्यांना पाठ असणार, हे कुणालाही कळलं असतं.

अंधार पडायच्या आत आम्ही धर्माजींच्या घरामागच्या तुकड्यात वालाची पहिली ओळ टोकली. काकांनी तिथली माती चाखली नाही. मी कागद काढला, तर म्हणाले, "र्‍हाऊ दे."

परत निघताना मी स्कूटर सुरू करेपर्यंत धीर धरला. मग विचारलं, "काका, अकलोलीची माती आंबट होती ना?"

मागून माझ्या खांद्यावर हात आला.

"होती की," काका म्हणाले. "चिंचेवानी होती. पन तितं बारकीला कोन वलखीत होता?"