बाबू तावडेचा पुरावा

आमच्या लालबागच्या चाळीतला बाबू तावडे चहासुद्धा पुराव्याशिवाय पीत नाही. बायको म्हणाली साखर घातलीय, तरी आधी विचारणार, "पुरावो खंय?" गोदीतून रिटायर झाल्यापासून तो आमच्या गावच्या हायस्कूलचा इतिहास लिहितोय. गाव एकच, पण त्याची वाडी डोंगरापल्याड, म्हणून लहानपणी ओळख नव्हती.

शाळा ती केवढी! पहिल्या वर्षी देवळामागच्या एका खोलीत पाचवीचा वर्ग, पोरं अकरा. त्यातला एक मी. दिवाळीपर्यंतच टिकलो, पण होतो! मुंबईत मात्र 'आम्ही पहिल्या वर्गातले' म्हणणारे चाळीसेक निघाले. बाबू एकेकाला खुर्चीत बसवून चोराला विचारावं तसं विचारतो, "पयल्या वर्षाक फळो खंय होतो?" भिंतीवर म्हणालात की गेलात. पोलीसपाटलाच्या भावाला तर अर्ध्या चहावरून उठवलं.

फळा नव्हताच. गुरुजींनी खोलीच्या दारालाच आतून काळा रंग फासला होता, त्यावर लिहायचे.

पण हे बाबूला कसं ठाऊक? अकरांत हा नव्हता, हे मी देवळात फूल उचलून सांगेन. वर माझं नाव यादीत घालायला दोन महिने टाळाटाळ. कमी शिकलो म्हणून कोणाचं ऐकून घेणारा मी नव्हे. परवा तरातरा गेलो.

"माझं नाव लिही."

"गुरुजींची एक खोड सांग."

"खोड? भर गणितात उठून दार सताड उघडायचे. बाहेर धो धो पाऊस, आणि म्हणायचे, उकडतंय रे! दार बाहेर उघडून भिंतीला टेकलं की गणितही बाहेर. आम्ही बसायचो पावसाकडे बघत. दिवाळीच्या सुट्टीआधीचा माझा शेवटचा भागाकार अर्धा राहिला, तो त्या माणसामुळे."

"खोटा! दार उघडला की तर फळो सरळ समोर!"

मी विचारलं, "कोणाच्या समोर, बाबू?"

त्याने वही मिटली. चष्मा काढून लुंगीला पुसत बसला. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"मी भायर होतंय. म्हशी घेवन." मग चष्मा चढवून, "गुरुजींका म्हायत होता."

साठ वर्षं मी त्या गुरुजींना विसरभोळा म्हणत आलो.

"अकरा नको, बारा नावं लिही," मी म्हटलं. "बारावं तुझं."

"पुरावो खंय?" स्वतःच्या नावालाही तेच!

"माझ्या त्या शेवटच्या भागाकाराची बाकी किती आली होती?"

"तीन," वर न बघता तो म्हणाला.

बरोबर की चूक, मला काय ठाऊक! मी म्हटलं, "बरोबर. लिही."