गोगलगाईच्या पोटात बाबा

बाबांना फक्त दोन मिनिटं स्टुलावर बसवायचं, एवढंच चिरंजीवांनी ठरवलं होतं.

चिरंजीव नुकतेच परदेशातून आर्किटेक्ट होऊन परतले होते. मानवजातीला अंतराळात नीट वसवल्याशिवाय नोकरी करायची नाही, असा त्यांचा निश्चय होता. (मानवजातीने तशी काही विनंती केलेली नव्हती.) मामांच्या फर्निचरच्या दुकानात मात्र एक जागा रिकामी होती. शेवटी घरात तह झाला. अंतराळ-वसाहतीच्या स्पर्धेत चिरंजीवांची निवड झाली, तर वर्षभर कुणी नोकरीचं नाव काढायचं नाही. नाही झाली, तर सोमवारपासून मामांकडे कपाटं करायची.

"निसर्गात कोपरे नसतात," चिरंजीव बैठकीच्या खोलीत पुठ्ठे पसरत म्हणाले.

"बरं आहे निसर्गाचं. झाडायला सोपं," आई म्हणाली.

वसाहत गोगलगाईच्या शंखासारखी होणार होती. आता गोगलगाय काही आधी घर बांधून मग सामान हलवत नाही. ती आत असते आणि घर तिच्याभोवती वाढत जातं. म्हणजे बांधकाम सुरू करायला आत कुणीतरी हवंच. आईने भाजी चिरायची असल्याचं सांगितलं. बाबा निवृत्त होते आणि हातात फक्त पेपर होता. ते सापडले.

चिरंजीवांनी बाबांच्या खांद्यांचं माप घेतलं आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या खळ लावून गोल गोल चढवायला सुरुवात केली. दोन मिनिटांची दुपार झाली. बाबांचं जेवण आणि तीन कप चहा वरच्या भोकातून आत गेले. मग तेही भोक बुजलं आणि उरलं फक्त तळाशी शंखाचं तोंड, खांद्यांच्या मापाचं. संध्याकाळी परीक्षकांचा व्हिडिओ कॉल येण्याच्या बेतात असताना शंख तयार झाला, चांदीसारखा रंगवलेला, खोलीभर.

"झालं का? मी येतो बाहेर," शंख म्हणाला.

आत थोडी खुडबुड झाली आणि थांबली.

"अरे, खांदे येतायत. पोट येत नाही."

पोटाचं माप राहिलंच होतं.

"बाबा, आता हलू नका! खळ ओली आहे. अर्धा तास फक्त. अंतराळात लोक पिढ्यान्‌पिढ्या राहणार आहेत!"

"त्यांनी तीन कप चहा घेतलेला नसेल."

"अहो, धरा जरा दम," आई म्हणाली. "पोराच्या वर्षाचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या वयाचा?"

तेवढ्यात फोन वाजला. चिरंजीव नखशिखांत खळीने आणि रंगाने माखले होते. त्यामुळे फोन शंखासमोर टेकवून ते स्वतः शंखामागे उभे राहिले. पडद्यावर मुख्य परीक्षक बाई आल्या. धास्तीने चिरंजीवांचा आवाज असा चिरकला की आईसुद्धा दचकली.

"न-नमस्कार! ही माझी गोगलगाय!"

"अगंबाई, किती गोड!" बाई म्हणाल्या. "सगळं तू स्वतः केलंस? की आई-बाबांनी मदत केली?"

"सगळं त्यानेच केलंय," शंखातून उत्तर आलं. "मी फक्त आत बसलोय."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. "छान. आणि संकट आलं, तर बाहेर पडायची काय सोय आहे?"

या प्रश्नाची तयारी चिरंजीवांनी परदेशात सहा महिने केली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण संकट थांबायला तयार नव्हतं. शंख थरथरला, जमिनीपासून वीतभर उचलला गेला आणि खाली दोन पाय दिसू लागले. मग अख्खी गोगलगाय (गोगलगाईच्या मानाने फारच वेगात) पडद्यावरून निघून गेली. काही वेळाने न्हाणीघराच्या दाराशी मोठा आवाज झाला. दाराला मात्र कोपरे होते.

"वसाहत चालतेसुद्धा!" बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पुढचे दोन दिवस चिरंजीव जेवले नाहीत. आई बाबांच्या केसांतला चंदेरी रंग काढताना त्यांच्या कानात पुटपुटत होती, "पाठवायचंच का हो त्याला कपाटं करायला?" तिसऱ्या दिवशी निकाल आला आणि चिरंजीव ओरडतच उठले.

"झाली! निवड झाली! उत्तेजनार्थ बक्षीस!"

"वाच की सगळं," आई म्हणाली.

चिरंजीव वाचू लागले आणि शब्दागणिक आवाज खाली खाली जात राहिला. "कल्पक हालचालीबद्दल... विशेष कौतुक... रंगपेटी... शालेय विभाग, वयोगट दहा ते चौदा."

"पण निवड ती निवडच ना?" चिरंजीवांनी विचारलं.

"अर्थात. शब्द म्हणजे शब्द," बाबा पेपर उलगडत म्हणाले आणि आईकडे वळले. "तुझ्या भावाला कळव, सोमवारी मुलगा येत नाही. एवढ्या लहान पोराला कामाला लावणं गुन्हा आहे."