सोनाक्काच्या मापाचं दार

एका जंगलात, मुलांनो, धोंडजी नावाचं अस्वल राहत होतं. शाळेची पायरी त्याने कधी चढली नव्हती आणि त्याचं त्याला भूषण होतं. बांधकामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. असं त्याचंच म्हणणं होतं.

प्राण्यांनी ठरवलं, सगळ्यांसाठी एक मोठं घर बांधायचं. कारवीच्या भिंती, गवताचं छप्पर. काम अर्थातच धोंडजीकडे आलं.

शहर पाहून आलेला बगळा म्हणाला, "काका, पुढच्या दाराशी आग लागली तर? मागे एक रुंद दार ठेवा."

"मागे माझी मधाची कोठी आहे."

"कोठी हलवा."

"आधी तू हल इथून."

त्या जंगलाचा रिवाज होता, ज्याला वस्तू लागेल त्यानेच तिच्यासाठी राबायचं. धोंडजीने सभा बोलावून विचारलं, "मागचं दार कुणाकुणाला लागणार?"

पाखरं म्हणाली, "आम्ही उडून जाऊ." माकड म्हणालं, "मी छपरातून जाईन." उंदीर म्हणाले, "आम्ही बीळ काढू." उरली सोनाक्का कासवीण.

"मला लागेल बाबा," ती म्हणाली.

मग मागे दार झालं. सोनाक्काच्या मापाचं.

"आणि तुम्ही कुठून जाल, काका?" बगळ्याने विचारलं.

"आग माझ्या वाटेला जात नाही."

तरी धोंडजी अगदीच बेफिकीर नव्हता. आगीपासून घराचं रक्षण व्हावं म्हणून त्याने वास्तुशांतीला मोठा होम घातला. दारापायी कोठी जाते, होमापायी पळीभर तूप. हिशेब चोख होता.

होम पुढच्या दारात होता. ठिणगी उडाली. वाळलेली कारवी भडकली.

आत धूर कोंडला. पाखरांना वर-खाली कळेना. माकड छपराकडे झेपावलं, तर छप्परच पेटलेलं. उंदरांनी जमीन उकरून पाहिली, पण ती धोंडजीने स्वतः चोपून घट्ट केलेली. नख लागेना.

सगळे मागच्या दाराकडे धावले. दारात सोनाक्का. आपल्या चालीने निघालेली.

"अक्का, लवकर!"

"माझं दार आहे. ढकलू नका."

ती बाहेर पडली. मागोमाग बाकीचे अंग चोरून निसटले. शेवटी धोंडजी. डोकं बाहेर आलं, खांदे आले, पोट अडकलं. मागून आग जवळ येत होती.

"काका, भिंत तोडू?"

"धोंडजीची भिंत तुटत नसते."

"मग बसा भाजत," सोनाक्का म्हणाली.

धोंडजीने थोडा वेळ विचार केला. म्हातारी माणसं हट्टी असतात म्हणे. मला काही तसा अनुभव नाही. एवढ्यात त्याच्या शेपटीला चटका बसला.

"तोडा," तो म्हणाला. अगदी हळू.

भिंत खरंच मजबूत होती. फुटेपर्यंत धोंडजीची पाठची बाजू पुरती होरपळली. हसू नका. महिनाभर त्याने उभ्यानेच जेवण केलं.

अखेर मागे रुंद दार झालं. बरोबर धोंडजीच्या मापाचं. खर्च फक्त एका घराचा आला.

तात्पर्य : आगीच्या बंदोबस्तात काटकसर जरूर करावी. मात्र ती करणाऱ्याने त्या घरात राहायला जाऊ नये. हिशेब चुकतो.