जितं वजन

गावात नवा मास्तर आला तवा आमच्या भासऱ्यायनं त्याले ना रामराम केला, ना बसा म्हनलं. सरळ त्याच्या मांड्यायले कव घातली आन उचलून पाहिला. मास्तरची टोपी पडली, चष्मा आडवा झाला. खाली ठेवून म्हनतेत, "जड नाही तुम्ही, गुरुजी. पन ढिले हा. ढिला मानूस दुप्पट भरते." बदली होयेपर्यंत तो मास्तर आमच्या गल्लीनं गेला नाही.

भासरा म्हंजे नवऱ्याचा मोठा भाऊ. नाव मी सांगत नाही. जिते होते तवा घेतलं नाही, आता कायले घेऊ. गाव त्यायले पहिलवान म्हने.

सिहोऱ्याकडलं आमचं धानाचं गाव. आमच्यात भासऱ्यानं भावसुनेले शिवाचं नाही. तिनं त्यायच्या समोर जाचं नाही, तोंडावर बोलाचं नाही. माहा नवरा लगनानंतर थोडक्याच दिवसात तापानं गेला. भासऱ्यायनं लगन केलंच नव्हतं. घरात राहिलो आम्ही दोघं, आन खाटेवर बहिरी सासू. सासूले सांगावं तं ऐकू येत नाही, एकमेकाले सांगावं तं रीत नाही. मंग मधात माही पांढरी बकरी. भासरे आंगनात बसून बकरीले म्हनत, "काहून वं, आज भाजीत मीठ पडलं नाही का?" मी चुलीपासून बकरीले सांगू, "मीठ सरलं हाये म्हना." बकरी मेली तं दुसरी आनली. दुधासाठी नाही, घर चालाले पाहिजे म्हनून.

तर सांगत होती त्यायच्या येडाबद्दल.

आमच्याकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते. मंडई म्हंजे जत्राच. दुकानं लागतेत, दंडार नाचतेत, आन दिवसा कबड्डीचे सामने. आमच्या गावचा संघ बरा होता. पन भासरे कबड्डी खेळत नव्हते. ते वरडत. नुसतं वरडत नव्हते, आपल्या गड्याले गुन भेटला का मोडकूले दोन तळहातावर उभा करून डोक्याच्या वर नेत, आन मोडकू वरून गावाचं नाव घेऊन गर्जे. मोडकू म्हंजे आमचा शिलाईवाला. मिशीवाला, लेकराबाळाचा मानूस, पन अंगानं तुराटीवानी.

लोक हासत. "पहिलवान, ना कुस्ती ना कबड्डी, हे होय तरी काय?"

"खेळनारे सात जन असतेत," भासरे म्हनत. "वरडनारा अख्खा गाव असते. मंग वरडनाऱ्याच्या अंगात दम नको का?"

नसबंदीवाल्यायची जीप गावात फिरे त्या सालची गोष्ट. औंदा सामने आमच्याच मंडईत भरनार असं ठरलं, तसा भासऱ्यायले जोर चढला. आता नुसतं उचलाचं नाही. मोडकूले वर फेकाचं, आन साऱ्या गावादेखत झेलाचं. त्यासाठी चार गडी जमवले. सकाळ झाली का आमच्या खळ्यात तालीम सुरू.

पहिले धानाचं पोतं. भासरे कमरेवर काडी मारत. "कंबर कायले वाकवते बे? खाली बस. टाच जमिनीले. मांडीनं ऊठ. कमरेनं उचलशीन तं म्हातारपनी तुलेच उचला लागन." चौघायनं संगंच श्वास घ्याचा, संगंच "हूं" म्हनाचं, संगंच उठाचं. एकाचा "हूं" मांगं राहिला का पोतं वाकडं जाये.

पोतं झालं का माही बकरी. "पोतं मेलं वजन होय. ते कोनीबी उचलते," म्हनत. "जितं वजन उचला. जितं वजन हालते, भेते, लाथ मारते." मंग एकेकानं बकरीले तळहातावर उभी करून डोक्याच्या वर धराची. बकरी वरूनच लेंड्या टाके. एका गड्याच्या उघड्या तोंडात गेली तं भासरे म्हनतेत, "तोंड बंद ठेव म्हनून सांगतलं होतं ना?" त्या भेवानं बकरी दूध देईना. मी बकरीले म्हनली, "तुह्या मालकाले सांग, दुसऱ्याची बकरी धरा." दुसऱ्या दिवशी पाटलाचा बोकड्या आला खळ्यात.

मंग मोडकू. त्याले म्हनत, "तू खांबावानी राह्य. भेव वाटलं तं पाय आवळ, ढिला सोडू नोको. तोल आमी पाहू." आन खालच्यायले, "त्याच्या तोंडाकडं पाहू नोका. टाच पाहा. टाच हालली का मानूस हालला." झेलाच्या वेळी गुडघे वाकवाचे, कोपरं वाकवाचे, छातीशी घ्याचं. पहिल्या दिवशी मोडकू वरून आला आन एक गडी बाजूले सरला. भासऱ्यायनं एकट्यानं झेलला. सरला त्याले म्हनतेत, "काहून सरला?"

"अंगावर येऊन राहिला होता ना, पहिलवान."

"पडनारा अंगावरच येते. तो का पत्ता इचारून येनार हाये?"

ज्येष्ठात पानी याच्या आधी घरावरचे कवेलू फेरा लागतेत, म्हंजे कौलं उचलून परत नीट बसवा लागतेत. गडी लावाची ऐपत नव्हती. भासरे चढले का कवेलूचा चुरा होये. म्हनून दरसाल मीच चढू. वेळ भेटन तवा, धानाच्या बांधीतलं काम उरकून. भासरे घरी असले का डोळ्यावर पदर वढलेला, तसीच कवेलू हातानं चाचपून फेरू. माहेरी असती तं भावानं चढू दिलं नसतं. पन माहेरी नव्हती.

त्या साली उन्ह कलतीले लागलं होतं. एक वासा आतून सडला होता. पाय ठेवला तसा कडकन मोडला आन मी कवेलूसंगट घसरली. मनात म्हनलं, गेली. पन जमीन लागलीच नाही. दोन हात लागले. कवेलू बाजूले पडून फुटले, माह्या अंगाले खरोच नाही.

भासऱ्यायनं मले पायावर उभी केली, भिंतीकडं तोंड केलं, आन बकरीले म्हनले, "वासा सडला हाये. बदला लागते."

समोरच्या गल्लीत तीन बाया पान्याले चालल्या होत्या. दिवा लागाच्या आत गावात झालं, पहिलवानानं भावसुनेले कवेत घेतली.

पंच बसले पारावर. मलेबी बलावलं. मी खाली पदर घेऊन उभी. मोठे पंच म्हंजे पाटील, ते म्हनले, "रीत मोडली. गावाले जेवन द्या लागन. आन हा उचलाउचलीचा खेळ बंद. यानंच हात सैल झाले."

मले बोलाचं नव्हतं. पन बोलली. "पाटील मामाजी, मी पडली असती तं माही कंबर मोडली असती. मंग माहा रोवना कोन करनार होतं? पंच येनार होते का चिखलात?"

"बाई, रीत हाये."

"असन. रीत येते का कवेलू फेराले?"

कोनी तरी मांगं हासलं. पाटलानं खाकरून भासऱ्यायले इचारलं, "पहिलवान, तुमचं काय?"

मी समोर उभी, त्यायले मान वर करता येईना. पाटलाचा बैल पाराले बांधला होता. त्याच्याकडं पाहून म्हनतेत, "बैला, सांग पंचायले. झेलली, चुकून नाही, समजून झेलली. उद्या पंचाची सून पडली तं तिलेबी झेलन. जेवन देतो. खेळ बंद नाही होत."

"मंग मंडईत पाय ठेवाचा नाही," पंच म्हनले.

"नाही ठेवत," भासरे म्हनले.

गावजेवनाले घरातलं धान गेलं. त्या पावसाळ्यात आम्ही आंबिल पिऊन राहिलो. तालीम सुटली नाही. पन गडी गुमसुम झाले. इतकं शिकून दाखवाचं कोनाले?

मंडईचा दिवस आला. कबड्डीचा डाव रंगलेला. आमचा गडी दम धरून "कबड्डी, कबड्डी" करत तिकडच्या आंगनात गेला, आन लोकायच्या माना दुसरीकडंच वळल्या. मंडईच्या मांगं तळ्याची पाळ हाये, उंच. पाळीवर भासरे, त्यायचे चार गडी आन मोडकू. मंडईत त्यायच्यातल्या कोनाचाच पाय नव्हता. "हूं" म्हनले, मोडकू वर गेला. इतका वर, का त्याच्या मांगं नुसतं आभाळ. वरूनच त्यानं गावाचं नाव घेतलं. मंग खाली आला तो हातात, कापसावानी. तिकडं तो गडी एकटाच कबड्डी कबड्डी करून राहिला होता, सामन्याचा पंचबी पाळीकडं पाहात. मोठ्या पंचाच्या म्हातारीनं टाळी वाजवली. मंग कोनाले थांबवता येते.

संध्याकाळी मोडकू घरी आला. भासरे तळ्यावर आंग धुवाले गेले होते. मी चाय ठेवला आन मनात होतं ते इचारलं, "मोडकूभाऊ, मी पडली त्या दिवशी ते नेमके खालीच कसे होते?"

मोडकू माह्याकडं पाहातच राहिला. "वैनी, तुमाले मालूम नाही? त्या दिवशी नाही, दरसाल असतेत. तुम्ही चढल्या का हातातलं काम सोडतेत. आंगनाच्या कोपऱ्यात येऊन उभे राहातेत. वर पाहाता येत नाही, भावसून म्हनून. तं खाली तुमची सावली पडते ना, तिच्यावर डोळे. सावली इकडं सरकली का हे इकडं. आमी हासलो तं शिव्या देतेत."

मी चाय गाळला, त्याले देल्ला.

भासऱ्यायसंगट तं मी पुढंबी कधी बोलली नाही. भासरे मरेपर्यंत आमचं बकरीतूनच चाललं. पन मले एक गोष्ट सुचून राहिली होती. काही काही साली मी भर दुपारी चढली होती. दुपारी मानसाची सावली कवेलूवरच राह्यते, आंगनात उतरत नाही. तवा ते कायच्या भरवशावर उभे राह्यले असतीन?

पुढच्या ज्येष्ठापासून मी बांधीतलं काम मांगं ठेवलं. उन्ह निंगलं का पहिले चढू. सकाळची सावली लांब राह्यते, पार कोपऱ्यापर्यंत जाते.