नारळ वाजवून आणलाय

दुसऱ्या मजल्यावरच्या रमीलाबेनला स्कूटीचं लायसन्स मिळालं, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने तिची ओटी भरली. पदरात खण, नारळ, तांदूळ सांभाळत ती बिचारी म्हणत राहिली, "सुलूबेन, पण मेरे तो दो बच्चे हो गए."

ओटी लग्न झालेल्या बाईची आणि मंगल प्रसंगी भरायची, हे सुलूताईला माहीत आहे. फक्त मंगल काय, ते ती ठरवते. स्वतः लग्न केलं नाही, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झाली, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरती एकटी राहते. तळमजल्यावरची वर्षा नवऱ्याला सोडून माहेरी आली, तिची ओटी भरली. मुर्ध्याहून मासळी आणणाऱ्या हिराबाई स्वतः टेम्पो चालवायला लागल्या, त्यांचीही. "आता माजं वय हाय का ओटीचं?" असं त्या विचारत होत्या. ताईचं उत्तर ठरलेलं. "घ्या हो, नारळ वाजवून आणलाय." केबिन रोडचा नारळवाला तिला लांबून पाहूनच पाठ फिरवतो. एका नारळासाठी ती दहा कानाशी हलवते.

आमच्या केतकीला गुवाहाटीला नोकरी लागली आणि तिने जायचं ठरवलं. मी मात्र रविवारी डोंबिवलीचं स्थळ बोलावून बसलो होतो. मी तसा आधुनिक बाप आहे, फक्त प्रसंग दुसऱ्यांच्या घरात घडायला हवा. पोरगी आत्याचं ऐकते, म्हणून तिला समजवायला शनिवारी मीच ताईला खाली बोलावलं. ही कल्पना मी विचार करून काढली होती, यावर बायकोचा अजून विश्वास नाही.

ताई पिशवी घेऊनच आली. केतकीला पदर नव्हता, तिने टी-शर्टचा घेर पुढे धरला. निम्मे तांदूळ सोफ्याखाली गेले.

"बाळ्या," ताई मला म्हणाली, "डोंबिवलीला नाही म्हणून तू कळवतोयस, की मी फोन लावू? जन्मभर तेच केलंय."

मीच लावला.

फोन ठेवून बघतो तर केतकी स्वयंपाकघरातून आमटीसाठी ठेवलेला नारळ घेऊन येत होती. कानाशी हलवत. "आत्या, आता तुझी."

देवळात प्रसादाला करतात तसे ताईने दोन्ही तळवे पुढे केले.

"पदर, आत्या."

बिल्डिंगभर ओट्या भरणाऱ्या बाईला पदर कसा धरायचा ते माझ्या मुलीने दाखवलं. नारळाने पदर झुकला, तसा ताईने तो पोटाशी घट्ट धरला.

"वाजवलायस ना?" तिने हळूच विचारलं.

मी सोफ्याखालचे तांदूळ वेचायला वाकलो. एकेक दाणा वेचला.