मंद्रूपची चूल आणि विद्यापीठाची पाहुणी

सुज्ञ वाचकहो, धूर नाहीसा करण्याच्या सत्कार्यातूनच नवा धूर कसा उत्पन्न झाला, त्याचा यथासांग वृत्तांत मी आता आपल्या चरणी सादर करीत आहे.

कु. ऋतुजा ही सोलापूरची कन्या विद्यापीठात संशोधन करीत होती. खेड्यातील घरे लाकूडफाटा सोडून सौरऊर्जेकडे कशी वळतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. त्यासाठी मंद्रूप येथील चन्नप्पा व सावित्रम्मा या दांपत्याच्या छपरावर तिने सौरपट्ट्या बसविल्या, स्वयंपाकघरात विजेची शेगडी ठेविली आणि परसातील जुन्या चुलीला तापमान टिपणारे एक चिमुकले यंत्र चिकटविले.

तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर मोठे कडक. एक तरी चूल खरोखर विझलेली दाखवा, अन्यथा विषय बदला, असे त्यांनी बजावले होते. विषय बदलणे म्हणजे आजवरचे सारे श्रम पाण्यात.

दर सोमवारी ऋतुजा येई, सोप्यात बसून प्रश्न विचारी, आग्रहाची गरम भाकरी खाई आणि यंत्रातील नोंद फोनवर उतरवून परत जाई. नोंद मात्र विचित्र निघाली. आठवडाभर चूल थंडगार, आणि सोमवारी तापलेली. सोमवार हा महादेवाचा वार, तेव्हा काही धार्मिक विधी असावा, असा तर्क करून तिने त्यावर एक अख्खे प्रकरण लिहून काढले. खात्री करण्याकरिता ती गुरुवारी गेली. गुरुवारीही चूल तापली. मग ती रोज जाऊ लागली, आणि चूल रोज तापू लागली.

अखेर एके दिवशी प्रश्न अर्धवट टाकून ती थेट परसात शिरली. सावित्रम्मा फुंकणीने जाळ करीत होत्या.

"अव्वा, शेगडी बिघडली का?"

"बिघडंल कशाला? लई चांगली हाय की. रोजचं समदं तिच्यावरच."

"मग ही चूल?"

"तुमच्यासाठी, मॅडम. पावण्याला बटन दाबून जेवायला घालू व्हय? मला गावात तोंड दाखवायचं हाय."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते केवळ धुराने नव्हे. शनिवारी सर पाहणीस येणार आहेत, त्या दिवशी ही चूल पेटली तर माझा प्रबंध बुडाला, असे तिने काकुळतीने सांगितले. सावित्रम्मांनी ग्रामदैवत सिद्धरामाची शपथ घेऊन चूल न पेटविण्याचे वचन दिले.

शनिवारी सर आले. त्यांनी चुलीवर तळहात ठेवून पाहिला. ती गार होती. ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. पुढे परसातच वाढलेल्या ताटात पापुद्रा सुटलेली, खरपूस डागांची भाकरी आली. शेगडीवर अशी भाकरी होत असेल तर चुलीचे नाव काढण्याचे कारणच उरत नाही, असा अभिप्राय सरांनी घासागणिक दिला. चन्नप्पांना ठसका लागला. इतक्यात मधल्या भिंतीवरून धुराचा लोट आला आणि त्यामागून शेजारीण चंद्रव्वांचे डोके वर आले.

"सावित्रम्मा, आनि दोन टाकू का? का भरलं सायबाचं पोट?"

सरांचा घास हातातच राहिला.

"माझी चूल न्हाय पेटवली, सर," सावित्रम्मा शांतपणे म्हणाल्या. "शबुद दिला म्हंजी दिला."

ऋतुजाने मान खाली घालून सारे कबूल केले. या घरची चूल केवळ संशोधक आले म्हणजेच पेटते, आणि तिला बंदी केली तर शेजारची पेटते. आपण नसतो तेव्हा स्वयंपाक कशावर होतो, असे सरांनी सावित्रम्मांना विचारले.

"तवा शेगडी की. आमी काय पावणं हाय?"

सरांनी हातातला घास तोंडात टाकला.

"ऋतुजा, विषय बदलू नका," ते अखेर म्हणाले. "या घरची चूल विझलेलीच आहे. आपले येणे तेवढे बंद झाले पाहिजे."

"कधीपासून, सर?"

"उद्यापासून," असे म्हणून सरांनी आपले ताट भिंतीकडे पुढे केले. "बाई, टाका दोन."

येणेप्रमाणे हा वृत्तांत संपला. तो शेवटपर्यंत वाचण्याचे सौजन्य दाखविल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी,
जोतीराम तळेकर, मुक्काम केम.