देवधरकाकांचा बेस

लंडनच्या पिनर भागातल्या कुठल्याही मराठी बारशात गाणं लागलं, की देवधरकाका ते बंद करतात. "थांबा! याचं मूळ कुठलं, ठाऊक आहे?" पाळण्यातलं बाळ सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर कायम एकच: आफ्रिका.

मग काका गुलामांच्या जहाजात चढतात. "माणसं कोंबून नेली, ढोल काढून घेतले. तर पठ्ठ्यांनी टाळ्यांवर ताल धरला! त्यातून ब्लूज, जॅझ, रेगे. तुमच्या बॉलिवूडमध्येसुद्धा तेच!" काका निवृत्त बस ड्रायव्हर. हे सगळं त्यांना डेपोतल्या जमैकन क्लाइव्हनं शिकवलं. कपाटाएवढा लाकडी स्पीकरही दोघांनी मिळून ठोकला. तो गराजमध्ये राहतो, गाडी बिचारी पावसात.

परवा काकूंची सत्तरी होती. हॉलमध्ये साउंड लिमिटर, म्हणजे आवाज वाढला की लाल दिवा लागतो आणि वीज जाते. काकांनी तो स्पीकर तिथं आणून रेगे लावलं. लाल दिवा. अंधार.

केअरटेकरनं वीज परत आणली आणि बजावलं, "वन मोअर टाइम, अँड यू आर ऑल आउट." केक अजून कापायचा होता. मी काकांकडे धावले.

"काका, प्लीज, छोट्या स्पीकरवर लावा ना."

"त्याला बेस नसतो, ती खालची धडधड."

"अहो, पण हाकलतील आपल्याला!"

काकूंची खुर्ची नेहमीसारखी त्या धुडाला चिकटून. मला काकांचा संतापच आला. निदान वाढदिवसाला तरी बायकोचे कान सोडावेत की नाही? काकू मात्र नुसत्या हसत होत्या. कधीही काही विचारा, त्या हसतातच.

काकांनी गाणं परत लावलं. दिवा पिवळा झाला, लाल व्हायच्या बेतात. ते एकेक बटण खाली आणू लागले. गायक गेला, गिटार गेली. खालून नुसती धडधड उरली. दिवा पिवळाच राहिला.

"काका, आता गाणं ऐकूच येत नाहीये," मी म्हणाले.

"तिलाही येत नाही." दिव्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, "दोन्ही कान गेलेत गं तिचे. कुणाला सांगू नका म्हणते. लाज वाटते तिला."

काकूंनी स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकला होता. त्यांची मान डोलायला लागली. मग एकदम त्या मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, हेच ना ते? क्लबवाल्यांनी रंग बघून आपल्याला न् क्लाइव्हला दारातूनच परत पाठवलं, मग त्याच्या बेसमेंटमध्ये नाचलो होतो ते?"

काकांनी काकूंना दिसेल अशी जोरजोरात मान हलवली.